झोई क्विन: गेम राहिला बाजूला, गदारोळ तेवढा लक्षात राहिला

केतकी_के (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

इथल्याच गेमिंगच्या धाग्यावर मध्यंतरी गेमरगेटचा (गेम बनवणाऱ्या आणि त्यावर बोलणाऱ्या लोकांवर, मुख्यतः बायकांवर, नेटवरचा जमाव तुटून पडला ते प्रकरण) विषय निघाला आणि लगेच खाली दोघातिघांनी लिहिलं, "ती रिव्ह्यूसाठी पत्रकाराशी लफडं करणारी बाई ना?" २०१४ मध्ये उठवलेली आवई अजून तशीच्या तशी फिरतेय हे बघून म्हटलं वेगळा धागाच काढूया, तिथे लिहिलं असतं तर मूळ धागा हायजॅक झाला असता. मी पुण्यात गेम टेस्टिंगला आहे, हौस म्हणून स्वतःचे छोटे गेमही बनवते, त्यामुळे पाल्हाळ होणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तर ती 'बाई' म्हणजे गेम डिझायनर झोई क्विन. जन्म १९८७, बालपण न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात. (क्विन नॉन-बायनरी आहेत, म्हणजे स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांत बसवत नाहीत, म्हणून मी 'ते' लिहितेय, जुन्या बातम्यांत सगळीकडे 'ती' दिसेल.) फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांचा 'डिप्रेशन क्वेस्ट' आला. लिखाणात पॅट्रिक लिंडसे सोबत होते, संगीत आयझॅक शॅंकलर यांचं. बनवला कशात, तर ट्वाइनमध्ये, म्हणजे ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये काढलेलं फुकटचं टूल, ज्यात प्रोग्रामिंग न येणारा माणूससुद्धा फांद्या फुटणारी गोष्ट लिहू शकतो. ग्राफिक्स जवळपास नाहीत, बंदूक नाही, स्कोअर नाही, नुसता मजकूर आणि पर्याय. तुम्ही विशी-पंचविशीतले, नोकरी कंटाळवाणी, आयुष्यात अ‍ॅलेक्स नावाची प्रेयसी, आणि तुम्हाला नैराश्य आलेलं आहे.

आता यातली डिझाइनची करामत बघा. संध्याकाळी घरी आलात, रखडलेलं काम समोर आहे. पहिला पर्याय दिसतो, मस्त खायला मागवा आणि रात्रभर कामाला लागा. पण त्यावर लाल रेघ मारलेली. वाचता येतो, क्लिक होत नाही. खालचे तेवढे होतात: नाइलाजाने टेबलाशी बसा, टीव्ही लावा, अंथरुणात शिरा. जसजसे ढासळत जाता तसतशा रेघा वाढत जातात. "अरे उठ, जरा फिरून ये, बरं वाटेल" असं ज्यांना ऐकवलं जातं त्यांना नेमकं काय होतं हे त्या एका लाल रेघेत सांगून टाकलंय, बाकी पानभर वर्णन केलं असतं तरी इतकं पोचलं नसतं. गेम खेळणाऱ्याला सवय असते की पर्याय दिसला म्हणजे तो आपला. ती सवयच काढून घेतली.

आणि शिव्या मिळायला लफड्याबिफड्याची गरज लागलीच नव्हती हं. २०१३ च्या शेवटी गेम स्टीम या गेम विकणाऱ्या साइटच्या ग्रीनलाइटवर (कुठला गेम विकायला घ्यायचा यावर खेळणारे मत द्यायचे ती सोय) मतदानासाठी टाकला तेव्हापासूनच धमक्यांच्या मेल सुरू झाल्या होत्या. कारण काय, तर हा 'खरा गेम' नाही. म्हणजे आग आधीपासून होती, ऑगस्ट २०१४ ला फक्त रॉकेल मिळालं.

पुढचं खाली लिहिते, जेवून येते.

---

गावठी_गेमर

पयला नंबर! वाचतोय. जागा राखून ठेवली आहे, पॉपकॉर्न पण आणलेत.

---

चकलीचा_काटा

तो लाल रेघेचा मुद्दा मांडलास ते बरं केलंस केतकी. मी हा गेम खेळलेय, माझा स्वतःचा वाईट काळ चालू असताना नाही, नंतर, औषधं लागू पडल्यावर. स्क्रीनच्या तळाशी राखाडी चौकटी असतात, त्यात लिहून येतं की तुम्ही किती खचलेले आहात, थेरपिस्टकडे जाताय का, औषध घेताय का. आणि मला काय आवडलं तर औषध सुरू केल्यावर सगळं जादूने ठीक होत नाही, एखाददुसरी रेघ कमी होते, बस. आमच्या घरी "मनाचे श्लोक म्हण" पासून "लग्न झालं की होईल ठीक" पर्यंत सगळं झालं होतं. आईला मी हा गेम शेजारी बसून खेळायला लावला, एकेक वाक्य मराठीत सांगत. ती काही बोलली नाही पण नंतर गोळ्यांच्या वेळा तिनेच मोबाइलात लावल्या.

बाकी त्या भानगडीबद्दल मला फार माहीत नाही, वाचतेय.

---

मुद्देसूद_मोरे

गेम चांगला असेल, माझा आक्षेप नाही. पण लफड्याचा मुद्दा 'आवई' म्हणून उडवून लावणं सोपं आहे. कोटाकू या गेमिंगच्या बातम्या देणाऱ्या साइटच्या पत्रकाराशी संबंध होते हे खरं की नाही? आणि त्या पत्रकाराने त्यांच्याबद्दल लिहिलं होतं हे खरं की नाही? गेमिंग पत्रकारिता किती विकलेली आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, प्रीऑर्डरचे गुडी बॅग आणि फुकट ट्रिपा घेऊन नऊ स्टार देतात. त्याविरुद्ध लोक चिडले तर सगळ्यांना ट्रोल ठरवायचं?

---

केतकी_के

@मुद्देसूद_मोरे, बरं झालं विचारलंत, तारखाच टाकते.

ऑगस्ट २०१४ च्या मध्यावर क्विनच्या आधीच्या बॉयफ्रेंडने भलंमोठं ब्लॉगपोस्ट टाकलं, खाजगी चॅटच्या स्क्रीनशॉटसकट. त्यात त्या पत्रकाराचं नाव होतं. लोकांनी त्यावरून "रिव्ह्यू विकत घेतला" असं जोडलं. आता त्या पत्रकाराने डिप्रेशन क्वेस्टचा रिव्ह्यू लिहिलेलाच नाही. कधीच नाही. जानेवारी २०१४ मध्ये दुसऱ्या एका साइटवर ग्रीनलाइटवरून मंजूर झालेल्या ५० गेमची यादी दिली त्यात याचं नाव होतं, आणि ३१ मार्चला कोटाकूवर एका रिॲलिटी शोच्या फज्जाबद्दल लेख लिहिला त्यात क्विनचं म्हणणं होतं. कोटाकूच्या संपादकांनी चौकशी करून जाहीर सांगितलं की संबंध एप्रिलमध्ये सुरू झाले आणि त्यानंतर त्याने क्विनबद्दल काही लिहिलं नाही. म्हणजे ज्या रिव्ह्यूसाठी एवढं रामायण घडलं तो रिव्ह्यू शोधून दाखवा, मी धागा डिलीट करायला सांगते.

तो रिॲलिटी शो पण भारी प्रकरण होता, मार्च २०१४. यूट्यूबसाठी 'गेम जॅम' नावाचा शो, इंडी डेव्हलपर (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गेम बनवणारे) एकत्र आणून गेम बनवायला लावायचे, प्रायोजक कोल्ड्रिंकवाले. तिथला एक कन्सल्टंट शूटिंगमध्ये विचारत सुटला की तुमच्या टीममध्ये सुंदर मुलगी आहे, त्याचा फायदा होईल का. डेव्हलपर लोकांनी, त्यात पुरुषही होते, सरळ कामच थांबवलं आणि निघून गेले. शो पहिल्याच दिवशी गुंडाळला. क्विनची ओळख खरं तर अशी व्हायला हवी होती.

---

निमिष०७

थोडी भर घालतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूजवीकने ट्वीटचा हिशोब छापला होता, सप्टेंबरपासून #गेमरगेट लावून कोणाला किती ट्वीट गेले. झोई क्विनला साधारण १०,४००. त्या पत्रकाराला ७३२. पत्रकारितेच्या नीतिमत्तेची चळवळ आणि पत्रकारापेक्षा चौदापट मारा गेम बनवणाऱ्यावर, आता काय बोलायचं. गेम बनवणाऱ्या ब्रायना वू आणि गेममधल्या बायकांच्या चित्रणावर व्हिडिओ करणाऱ्या अनिता सार्कीशियन यांना तर प्रत्येकी ३५ हजारांच्या वर, आणि त्या दोघींचा कुठल्याही रिव्ह्यूशी काडीचा संबंध नव्हता.

मोरे साहेब, गेमिंग पत्रकारिता विकलेली आहे हे मलाही मान्य आहे, पण ती विकत घ्यायला ज्यांच्याकडे पैसे आहेत अशा मोठ्या कंपन्यांच्या मागे कोणी लागलं नाही हो. मागे लागले ते फुकट गेम देणाऱ्याच्या.

---

आजोबा_ऑनलाइन

केतकीताई, लेख आवडला. मला गेम म्हणजे पत्त्यांचा सॉलिटेअर तेवढा येतो. पण एक शंका. हजारो लोक एकाच वेळी एका व्यक्तीवर तुटून पडतात ते उत्स्फूर्त असतं का, का कोणी ठरवून करवतं? आपल्याकडे निवडणुकीत बघतो तसं.

---

केतकी_के

@आजोबा_ऑनलाइन, काका, हाच तर सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे. दोन्ही. ठरवणारे थोडे असतात आणि मग गर्दी आपोआप जमते.

क्विननी तेव्हा काय केलं माहितीये, हे लोक जिथे बसून बेत आखत होते त्या चॅटरूममध्ये गुपचूप जाऊन बसले. स्वतःचं घर सोडावं लागलेलं, पत्ता आणि फोन नंबर नेटवर टाकलेले, वडिलांच्या घरीसुद्धा फोन जाताहेत, आणि हा माणूस ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपून आपल्याचबद्दल काय शिजतंय ते सेव्ह करून ठेवतोय. सप्टेंबर २०१४ मध्ये ते सगळे लॉग जाहीर केले. त्यात स्पष्ट दिसतं की 'नीतिमत्ता' हा शब्द पुढे ठेवायचा, बायकांच्या आणि अल्पसंख्याकांच्या नावाने खोटी अकाउंट काढायची म्हणजे कुणी आपल्याला बायकाद्वेष्टे म्हणू नये. आपल्या भाषेत सांगायचं तर डुआयडींची फॅक्टरी.

नाव गेमरगेट पडलं ते २७ ऑगस्टला, अ‍ॅडम बाल्डविन नावाच्या नटाच्या ट्वीटवरून. मग फोरचॅनने (जिथे निनावी लिहिता येतं असा फोरम) हा विषयच बंद केला तर सगळे उठून एटचॅन या तसल्याच दुसऱ्या फोरमवर गेले.

---

बोस्टनकर

मी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, हे प्रकरण आमच्या अंगणातलं म्हणून लिहितो. ब्रायना वू बोस्टनजवळच्याच, 'रेव्होल्यूशन ६०' हा गेम बनवणाऱ्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये घरच्या पत्त्यासकट जिवे मारायच्या धमक्या आल्या आणि नवराबायको घर सोडून निघाले. त्याच महिन्यात युटा स्टेट युनिव्हर्सिटीत अनिता सार्कीशियनचं भाषण होतं, मेल आली की गोळीबार करीन, तर पोलीस म्हणाले युटाच्या कायद्यात परवानाधारकाला पिस्तूल आत नेता येतं, आम्ही अडवू शकत नाही. भाषण रद्द. मला तेव्हा इकडे येऊन फार वर्षं झाली नव्हती आणि हे वाचून डोकं सुन्न झालं होतं.

आमच्याकडच्या काँग्रेसवुमन कॅथरिन क्लार्क यांनी हा विषय वॉशिंग्टनला लावून धरला, कारण वू त्यांच्या मतदारसंघातल्या. २०१५ मध्ये स्वॅटिंगविरुद्ध बिल मांडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्वॅटिंग म्हणजे पोलिसांना खोटा फोन करायचा की अमुक घरात बंदूकधारी आहे, मग सशस्त्र पथक दार ठोठावतं. तर बिल मांडल्यावर काही महिन्यांत, जानेवारी २०१६ च्या शेवटच्या रात्री, मेलरोझला क्लार्कबाईंच्याच दारात बंदुका घेतलेले पोलीस उभे. कुणीतरी फोन केला होता.

एफबीआयने तपास केला, २०१७ मध्ये फाइल बाहेर आली, खटला एकावरही नाही. वू यांनी २०१८ ला काँग्रेसची निवडणूक लढवली, प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या फेरीतच हरल्या.

---

मुद्देसूद_मोरे

धमक्यांचं समर्थन मी करत नाही, ते आधीच स्पष्ट करतो. पण मग उरलेलंही लिहा की. २०१६ मध्ये क्विननी किकस्टार्टरवर एका गेमसाठी लोकांकडून ८५ हजार डॉलर गोळा केले, तो गेम आजतागायत आला नाही. आणि २०१९ मध्ये एका डेव्हलपरवर आरोप केले, पुढे त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'छळाविरुद्ध लढणारे' म्हणून डोक्यावर घ्यायचं तर हेही तोला.

---

संपादक मंडळ

या प्रतिसादाखालचे दोन प्रतिसाद व्यक्तिगत शेरेबाजीमुळे उडवले आहेत. विषयाला धरून लिहा.

---

केतकी_के

@मुद्देसूद_मोरे, रास्त आहे, लिहिते.

किकस्टार्टरचं बरोबर आहे, पैसे दिलेल्यांनी चिडायलाच हवं, मीही चिडले असते. इंडीमध्ये रखडणं रोजचं असलं तरी लोकांना वेळच्या वेळी सांगायचं असतं.

२०१९ चं जास्त अवघड आहे. ऑगस्टच्या शेवटी क्विननी एका नावाजलेल्या डेव्हलपरने आपला छळ केल्याचं जाहीर लिहिलं. त्याच्या टीमने स्वतः पडताळून बघून त्याच्याशी काम थांबवलं. काही दिवसांत तो गेला. त्याच्या बहिणीने जे निवेदन दिलं त्यात तो आयुष्यभर मानसिक आजाराशी झगडत होता असं लिहिलं होतं, आणि यासाठी कुणाला त्रास देऊ नका अशी विनंतीही केली होती. आणि लोकांनी काय केलं, तर क्विनवर पुन्हा तोच मारा, २०१४ चाच, तीच भाषा. क्विननी ट्विटर सोडलं. एक माणूस गेला याचं दुःख आहेच, पण ज्या घरातला गेला त्यांनी हात जोडून नको म्हटलेलं असताना त्यांच्याच नावाने दुसऱ्याला मारत सुटणारे काही मला दुःखी वाटत नाहीत.

आणि क्विनना डोक्यावर घ्या असं मी कुठे म्हटलंय? माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांनी दोन कामं फार चांगली केली, एक तो गेम आणि दुसरं क्रॅश ओव्हरराइड, आणि दोन्हीबद्दल कुणी बोलत नाही.

क्रॅश ओव्हरराइड नेटवर्क. जानेवारी २०१५. क्विन आणि तेव्हाचे जोडीदार अ‍ॅलेक्स लिफशिट्झ. ज्यांच्यावर असा जमाव सोडला गेला होता अशाच लोकांनी मिळून चालवलेली मदत. कोणी रात्री मेल केली की "माझा पत्ता टाकलाय, काय करू", तर यांचं काम सुरू. आधी पासवर्ड आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड), सगळ्यात आधी ईमेलचं, कारण ईमेल हातात गेलं की बाकी सगळं रीसेट करता येतं. मग पत्ते विकणाऱ्या साइटवरून नाव काढायला लावणं. मग प्लॅटफॉर्मच्या आतल्या योग्य माणसापर्यंत तक्रार पोचवणं. मग आईवडील, ऑफिसचा बॉस यांना आधीच सांगून ठेवणं की असे फोन येतील, घाबरू नका, उत्तर देऊ नका. आणि स्वॅटिंगची भीती असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आगाऊ कळवणं. पुढे त्यांनी एक ऑटोमॅटिक टूलही काढलं, जे तुम्हाला एकेक प्रश्न विचारत अकाउंट कसं बंदिस्त करायचं ते दाखवायचं.

टेस्टिंगवाली म्हणून मला यात काय दिसतं सांगू? हा बग रिपोर्ट आहे. जमाव कुठून शिरतो, कुठल्या पायरीवर कोणतं दार उघडं राहतं, हे गेम डिझाइन करणाऱ्याच्या डोक्याने बघितलंय. ट्रोल वाईट आहेत असं बोंबलत बसण्यापेक्षा सिस्टीम कशी वापरली जातेय ते बघा. त्यांचं २०१७ मधलं पुस्तकही, 'क्रॅश ओव्हरराइड'च नाव, असंच आहे, अर्धी कहाणी आणि अर्धं मॅन्युअल.

---

निमिष०७

संयुक्त राष्ट्रांचं पण लिही की. सप्टेंबर २०१५ ला क्विन आणि सार्कीशियन तिथे बोलल्या (सॉरी, बोलले). त्याच वेळी बायकांवरच्या सायबर हिंसेवर मोठा रिपोर्ट निघाला आणि तो इतका गचाळ होता की एका तळटीपेत संदर्भ म्हणून कुणाच्या तरी कंप्युटरच्या सी ड्राइव्हवरच्या फाइलचा पत्ता होता! टीका झाली आणि ट्रोल लोकांना वर्षभराचं खाद्य मिळालं. चांगल्या कामाची माती करायला सरकारी रिपोर्टासारखं काही नाही.

---

गावठी_गेमर

सी ड्राइव्ह 😂😂 आमच्या बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टची आठवण झाली, त्यात तर मित्राच्या पेनड्राइव्हचं नाव होतं.

---

अ‍ॅड_माधुरी

धागा उत्तम. आपल्याकडची कायद्याची बाजू थोडक्यात सांगते कारण व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारणा होतच असतात.

पत्ता-नंबर जाहीर करणं, म्हणजे डॉक्सिंग, यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कलम नाही. पण भारतीय न्याय संहितेत ७८ आहे, पाठलागाचं, पूर्वीचं ३५४ड, त्यात बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही येतं. धमकीसाठी ३५१, निनावी धमकी असेल तर शिक्षा वाढते. खाजगी अवयवांचे फोटो चोरून काढले वा पसरवले तर आयटी कायद्याचं ६६ई, अश्लील मजकुरासाठी ६७. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते, बायका-मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, तिकडे धमकीची तक्रार घेऊन गेलात तर वेळ जातो. आणि हद्दीवरून ठाण्यात टोलवलं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) मागा, नाही म्हणता येत नाही.

स्क्रीनशॉट काढताना लिंक, तारीख, वेळ दिसू द्या. नुसता मजकूर कापून सेव्ह केला की कोर्टात आम्ही अडकतो.

आणि दुसरी बाजू. "कडक कायदा आणा" म्हणणाऱ्यांनी २०१२ चं पालघर आठवावं. मुंबई बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक. नंतर आयटी कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं ते अशाच प्रकरणांमुळे. कागदावर तेही कलम ऑनलाइन त्रासापासून संरक्षण म्हणूनच होतं. जमावाने तक्रार केली आणि अटक त्या मुलींनाच झाली.

---

बोस्टनकर

@अ‍ॅड_माधुरी, क्विनच्या केसमध्ये पण हेच झालं. इकडच्या कोर्टाने त्या ब्लॉगवाल्या आधीच्या बॉयफ्रेंडला क्विनबद्दल ऑनलाइन लिहायला मनाई केली होती, त्याने ते अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर आव्हान दिलं आणि दर तारखेला क्विनवर नवीन लाट. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्विननी फौजदारी तक्रार सोडून दिली. आणि बाहेर म्हणतात की बघा, खोटीच होती म्हणून मागे घेतली.

---

सायली_नागपूर

मी कॉलेजला आहे, गेम डिझाइन करायचं आहे. बुल्ली बाई प्रकरण झालं तेव्हा शाळेत होते पण आठवतंय, जानेवारी २०२२, मुस्लिम बायकांचे फोटो टाकून खोटा लिलाव, आणि तो गिटहबवर (प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती साइट) टाकलेला. म्हणजे चक्क कुणीतरी कोड लिहून. मुंबई सायबर पोलिसांनी पकडले त्यात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता आणि एक जेमतेम वीशीच्या आतली मुलगी. माझ्या वयाचेच झाले की हे. केतकीताई गेम डिझायनरच्या डोक्याबद्दल म्हणाली ते वाचून हेच मनात आलं, त्रास देणाराही डिझाइनच करतो.

माझ्या एका मैत्रिणीने डिस्कॉर्डवर (गेमर लोकांचं ग्रुप चॅटचं अ‍ॅप) स्वतःचा छोटा गेम टाकला तर पहिली कमेंट "आवाज मुलीचा आहे, फोटो टाक". दुसऱ्याने तिच्या सोसायटीचं नाव शोधून काढलं. तिने गेमच काढून टाकला. तिला काय सांगू?

---

चकलीचा_काटा

@सायली_नागपूर, सोसायटीचं नाव सापडणं इथे भयंकर सोपं आहे. मतदार यादी नेटवर असते, नाव-वय-घर क्रमांकासकट. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे लोकांना सगळ्यांचे नंबर. ट्रूकॉलरवर तर कुणीतरी "सायली फ्लॅट ४०२" असं सेव्ह केलेलं असतं तेच दिसतं. अमेरिकेत पत्ते विकणाऱ्या कंपन्या आहेत, आपल्याकडे सेक्रेटरीकाका फुकटात वाटतात.

---

केतकी_के

@सायली_नागपूर, मैत्रिणीला आधी हे सांग की गेम काढला यात तिची काही चूक नाही, फाइल जपून ठेव म्हणावं. गेमसाठी वेगळा ईमेल, वेगळं नाव, जे इन्स्टावर किंवा कॉलेजच्या ग्रुपवर कुठेच नाही. ट्रूकॉलरवरून नंबर काढायची सोय त्यांच्याच साइटवर आहे. डिस्कॉर्डवर फक्त ब्लॉक नको, आधी मेसेजची लिंक कॉपी करून रिपोर्ट, मग ब्लॉक. आणि सर्व्हर चालवणाऱ्याला विचारायचं की तुझे नियम काय आहेत, उत्तर आलं नाही तर तो सर्व्हर तिच्या कामाचा नाही. घरच्यांपैकी एकाला तरी माहीत असू दे, नाहीतर आईला परक्याचा फोन आला की पहिला ओरडा पोरीलाच बसतो.

मी स्वतः एका ठिकाणी, नाव घेत नाही, टीमच्या ग्रुपवर फालतू मीम्स येत होते त्याची तक्रार केली तर मला ऐकवलं होतं "गेमिंगमध्ये आहेस तर एवढं चालायचंच". नाही चालायचं. मी स्क्रीनशॉट एचआरला नाही, लेखी मेलने वरच्या दोघांना पाठवले, तेव्हा ग्रुप बंद झाला.

---

मुद्देसूद_मोरे

रिव्ह्यूचा मुद्दा मान्य, तारखा मला माहीत नव्हत्या. किकस्टार्टरवर मी ठाम आहे. गेम आज खेळून बघतो, मग तो 'गेम' आहे की नाही यावर वेगळा धागा काढून भांडू.

---

गावठी_गेमर

मोरे साहेब धागा काढा, पॉपकॉर्न उरलेत.

---

आजोबा_ऑनलाइन

मीही खेळून पाहिला, नातवाने लावून दिला. इंग्रजी भराभर वाचणं जड जातं. मराठीत असं काही आहे का?

---

सायली_नागपूर

आजोबा, मी आणि मैत्रीण मिळून करू का असा विचार चाललाय, हॉस्टेलच्या मेसवर आणि परीक्षेच्या टेन्शनवर. केतकीताई, ट्वाइनमध्ये देवनागरी नीट चालतं का? जोडाक्षरं फुटतात असं कुणीतरी म्हणालं.

---

केतकी_के

चालतं गं. शेवटी एचटीएमएल फाइलच बनते, युनिकोड आहे, ब्राउझरला जे दिसतं ते दिसतं. फुटली तर फॉन्टमुळे, स्टाइलशीटमध्ये मुक्ता किंवा नोटो देवनागरी टाक आणि ओळींतलं अंतर जरा वाढव, नाहीतर वरच्या ओळीच्या उकाराला खालच्या ओळीचा रफार चिकटतो. व्हेरिएबलची नावं मात्र रोमन लिपीतच ठेव, उगाच डोकेदुखी नको. पर्यायावर रेघ मारायला स्ट्राइकचा टॅग आहे, लिंक न देता नुसता मजकूर टाकायचा. टाकलंस की इथे लिंक दे, टेस्टिंग मी करते, फुकट.